सहारात अडीचशे किलोमीटर, धारूरच्या पोरांसाठी

ज्यांनी पैसे दिले त्या सगळ्यांना शब्द दिला होता की आल्यावर सविस्तर लिहीन, तर लिहिते. पण आधी हे पैसे कशाचे ते, कारण बऱ्याच जणांनी फक्त माझ्याकडे बघून दिले.

माझं माहेर बीड जिल्ह्यातलं, धारूर तालुका. अण्णा, म्हणजे माझे वडील, झेडपीच्या शाळेत मास्तर होते. दसरा झाला की ऊसतोडीला जायला गावात ट्रॅक्टर लागायचे, मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेली जोडपी म्हणजे कोयते निघायचे, भांडीकुंडी, शेळ्या, म्हातारी माणसं सुद्धा कधीकधी, आणि दिवाळीनंतर शाळा उघडली की अण्णांचा अर्धा वर्ग रिकामा. ती पोरं पाच-सहा महिने कुठल्यातरी साखर कारखान्याच्या तळावर, कोपीत म्हणजे लहानशा झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळत, पाणी आणत, वाढं म्हणजे उसाचे शेंडे गोळा करत. परत यायची तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असायची. दोन-तीन वर्षं असं झालं की मूल शाळेत परत बसत नाही, आणि मुलगी असेल तर लग्नच. यावर साधा उपाय आहे, हंगामी वसतिगृह. आईबाप ऊसतोडीला गेले तरी पोरं गावातच राहतात, शाळा चालू, दोन वेळचं जेवण, रात्री झोपायला सुरक्षित जागा, बघायला एक मावशी. आमच्या भागात काही शिक्षक मिळून अशी दोन वसतिगृहं चालवतात, त्यांच्यासाठी हे पैसे.

आणि एक प्रश्न मला खूप जणांनी विचारला, काहींनी रागाने सुद्धा, की एवढे लाख रुपये रेसच्या फीला आणि विमानाला घालवण्यापेक्षा तेच त्या पोरांना का दिले नाहीस. प्रश्न बरोबर आहे. रेसचा सगळा खर्च माझ्या पगारातला, देणगीतला एक रुपया त्यात नाही, हे आधी. आणि दुसरं म्हणजे मी चार वर्षं नुसतं सांगून पैसे मागत होते तेव्हा ऑफिसमधले लोक मान हलवायचे आणि विषय बदलायचे. वाळवंटात पळणार म्हटल्यावर तेच लोक थांबून ऐकायला लागले, किलोमीटरमागे दहा रुपये, वीस रुपये असं बोलले, आणि पैसे कशाला म्हणून उलट विचारायला लागले. कोयता म्हणजे काय, उचल म्हणजे काय, हे पुण्यातल्या शंभर-दीडशे घरांत यंदा पहिल्यांदा बोललं गेलं. आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांचा भाऊ तोडीला जातो, त्यांनी एका पाकिटात पाचशे रुपये आणून दिले. मला तरी हे सगळं खर्चापेक्षा मोठं वाटतं.

जायच्या आधी

रेसचं नाव मॅरेथॉन दे साब्ल, मोरोक्कोच्या दक्षिणेला, अडीचशे किलोमीटर टप्प्याटप्प्याने, रोजचा एक टप्पा म्हणजे स्टेज. १९८४ मधे पॅट्रिक बावेर नावाचा फ्रेंच माणूस एकटाच अल्जेरियाच्या सहारातून ३५० किलोमीटर चालत गेला, १२ दिवस, पाठीवर ३५ किलो. त्यातून ही कल्पना निघाली आणि १९८६ मधे पहिली रेस झाली तेव्हा २३ जण होते. आता हजाराच्या आसपास लोक असतात. पाणी आणि तंबू आयोजक देतात, बाकी आठवड्याचं जेवण, स्लीपिंग बॅग, कपडे, औषधं सगळं स्वतःच्या सॅकमधे. सॅक कमीत कमी साडेसहा किलो, जास्तीत जास्त पंधरा. रोजच्या किमान २००० कॅलरी असल्याच पाहिजेत, तपासतात. शिवाय होकायंत्र, शिट्टी, आरसा, चाकू, दहा सेफ्टी पिना, विष ओढून काढायचा पंप अशी सक्तीची यादी.

जेवणावर मी आणि आईने महिनाभर डोकं लावलं. सगळे तिथे फ्रीझ ड्राइड पाकिटं आणतात, महाग असतात आणि मला त्यांचा वास सहन होत नाही. मग आपलंच. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी, म्हणजे चिक्की आणि कूट. सातूचं पीठ गूळ घालून, गार पाण्यात कालवलं की झालं, चूल नको, गॅस नको. भाजलेले पातळ पोहे मेतकूट लावून. तुपातले राजगिऱ्याचे लाडू. प्रत्येक दिवसाची वेगळी पिशवी, तिच्यावर वजन आणि कॅलरी लिहिलेल्या.

सराव सिंहगडावर, पाठीवर तांदळाच्या पिशव्या घेऊन, आणि जमेल तेव्हा दिवेआगरला जाऊन भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत. मार्चमधे मुद्दाम दुपारी दोनला पळायचे, उन्हाची सवय व्हावी म्हणून. आणि मंडईजवळच्या मोचीकाकांनी माझ्या बुटांच्या कडेने वेल्क्रोची पट्टी हाताने शिवून दिली, तिच्यावर पातळ कापडाचे गेटर बसतात आणि वाळू आत जात नाही. बूट दीड नंबर मोठे घ्यावे लागतात कारण पाय सुजतात. मोचीकाकांनी पैसे घेतले नाहीत, म्हणाले माझे त्या पोरांना दे.

पोचायचा दिवस

माराकेशहून वारझाझातला बसने, मधे तिझी न टिश्का खिंड लागते, २२६० मीटर उंच, वर बर्फ दिसत होता आणि मी वाळवंटाला चालले होते. वारझाझात म्हणजे सिनेमांच्या स्टुडिओंचं गाव. तिथून आयोजकांच्या बसने पाच-सहा तास, बसमधेच रोडबुक हातात देतात, तोपर्यंत यंदाचा रस्ता कुणालाच माहीत नसतो. पूर्ण बस एकदम गप्प झाली, सगळे पानं उलटत चौथा दिवस शोधत होते, कारण सगळ्यात लांबचा टप्पा त्या दिवशी. शेवटचे काही किलोमीटर लष्करी ट्रकच्या मागच्या हौद्यात उभं राहून.

तंबू म्हणजे काळी जाड चादर, खाली दोन-चार लाकडं टेकवलेली, दोन बाजू उघड्या, आत खाली गालिचा आणि गालिच्याखाली दगड. एका तंबूत आठ जण. आमच्यात एक आयरिश नर्स, दोन फ्रेंच भाऊ, एक जपानी काका वय सत्तरच्या पुढे, बाकी इंग्लंडचे. मी तो तंबू बघितला आणि मला सरळ कारखान्याच्या तळावरची कोपी आठवली, तीच उंची, तसंच वाकून आत जायचं. आयरिश बाईने विचारलं काय झालं, तर मी तिला तिथेच बसून सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तपासणी. ईसीजी, डॉक्टरचं सर्टिफिकेट, सॅकचं वजन, माझी साडेनऊ भरली. मग बॅगा जमा करायच्या, त्या थेट शेवटी मिळतात.

स्टेज १

पहाटे साडेपाचला स्थानिक बर्बर मंडळी येतात आणि आपण आत झोपलेलो असतानाच डोक्यावरचा तंबू काढून नेतात, कारण तो पुढच्या मुक्कामाला आपल्या आधी पोचवायचा असतो. सकाळी दीड लिटर पाणी, कार्डावर पंच, बाटलीवर आपला नंबर. बाटली वाळवंटात टाकून दिलेली सापडली की वेळेची पेनल्टी होती. आयोजक गाडीच्या टपावर उभं राहून ज्यांचा वाढदिवस आहे त्यांची नावं वाचतात, मग मोठ्या आवाजात रॉक गाणं, डोक्यावरून अगदी खालून हेलिकॉप्टर, आणि सुरू.

पहिल्याच दिवशी वाळूच्या टेकड्या. वाळूत पळण्याची एक पद्धत आहे. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूची वाळू दाबून कडक झालेली असते, तिच्यावर बारीक लाटा दिसतात, तिथे पाय ठरतो, आणि पलीकडची उतरती बाजू एकदम भुसभुशीत, तिथे पोटरीपर्यंत रुततो. म्हणून सरळ रेषेत जायचं नाही, टेकडीच्या धारेवरून वळत वळत जायचं, लांब पडलं तरी. चढाला पावलं अगदी लहान. मी चढ चालले, सपाट आणि उतार पळले, दर अर्ध्या तासाला मिठाची गोळी. शेवटच्या रेषेवर गोड मोरोक्कन चहा देतात, तो चहा प्यायला की बरं वाटतं.

संध्याकाळी सातू खाल्लं, फ्रेंच भावांनी चव बघितली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज मागायला लागले.

स्टेज २

आज जेबेल. जेबेल म्हणजे डोंगर, आणि यातला जेबेल एल ओत्फाल या रेसमधे प्रसिद्ध आहे. खालून वाळूचा चढ, वर खडक, शेवटी इतका उभा की दोर बांधलेला. मला मात्र बरं वाटलं, दगड आले की सह्याद्रीतल्या माणसाला हात कुठे आणि पाय कुठे ते आपोआप कळतं, सिंहगडाच्या वाटेवरची सगळी पहाटेची उठाठेव कामी आली. भराभर वर गेले, बऱ्याच जणांना मागे टाकलं. वरून सगळीकडे नुसता सपाट पिवळा प्रदेश, मधे कोरड्या नदीचं पात्र, तिथल्या भाषेत औएद, आणि त्यात मुंग्यांच्या रांगेएवढी माणसं.

उतरताना उजव्या पायाच्या टाचेला फोड. संध्याकाळी डॉक्टरांच्या तंबूत रांग. त्यांची पद्धत अशी की पाय धुऊन निर्जंतुक चपला घालून जायचं, ते फोड फोडतात, लाल औषध लावतात, ते भयंकर झोंबतं, टेप देतात, आणि पुढच्या वेळी तुझं तू कर म्हणून शिकवतात. किती प्रेमाने करत होते पण, माझे घाणेरडे पाय मांडीवर घेऊन.

रात्री टपाल येतं. घरून जे निरोप पाठवतात ते छापून तंबूत आणून देतात. अण्णांनी माझ्या भाचीला सांगून लिहून घेतलं होतं. सगळा निरोप तीन ओळींचा. "पाण्याकडे लक्ष ठेव. फार जोर करू नको. काल पाटलांच्या वस्तीवरची तीन कुटुंबं परत आली, पोरांना सांगितलं की ताई पळतेय." म्हणजे यंदाचा हंगाम संपत आला होता आणि कोयते गावाकडे परतत होते, मी इकडे पळत असताना. मी तो कागद घडी करून सॅकच्या छातीवरच्या कप्प्यात ठेवला.

स्टेज ३

वादळ. दुपारी वारा सुटला आणि पंधरा मिनिटांत पुढचा माणूस दिसेना. गॉगल, तोंडावर बफ, त्याच्यावर ओढणी. आमच्या तंबूत आदल्या रात्रीच माउरो प्रॉस्पेरीची गोष्ट निघाली होती. १९९४ मधे हा इटलीचा पोलिस अधिकारी अशाच वादळात वाट चुकला आणि पार अल्जेरियात जाऊन जवळजवळ दहा दिवसांनी सापडला, मधे एका ओसाड दर्ग्यात आसरा घेतला, वटवाघळांचं रक्त आणि स्वतःची लघवी पिऊन जगला. आणि तोच माणूस पुढे परत ही रेस पळायला आला. आता प्रत्येकाच्या खांद्यावर जीपीएस असतो, एसओएसचं बटण असतं, तेवढी भीती नाही, पण वादळात नियम तोच, दिशा कळत नसेल तर थांबायचं. मी आणि जपानी काका एकमेकांच्या सॅकचा पट्टा धरून चाललो. बाकी या दिवसाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, दिवसभर दातांत वाळू.

स्टेज ४, म्हणजे लांबची

ऐंशीच्या वर किलोमीटर, एका दमात, रात्र धरून. वेळ पस्तीस तासांच्या आसपास. सगळ्यात मागून दोन उंट चालत येतात, त्यांनी गाठलं की रेस संपली.

सकाळी ठरवून टाकलं की पळायचं नाही, जोरात चालायचं. पहिले पन्नास त्यातच गेले. दुपारी सपाट दगडी पठार, सावली औषधाला नाही, पाणी बाटलीत चहाएवढं गरम. दर दहा-बारा किलोमीटरवर चेकपॉइंट, तिथे पाणी, ताडपत्रीची सावली, आणि एक डॉक्टर येऊन डोळ्यांत बघून विचारतो की लघवी झाली का, शेवटचं कधी खाल्लं, नाव सांग. सगळ्यात पुढचे खेळाडू आमच्या तीन तास उशिरा सुटतात, ते दुपारी आम्हाला ओलांडून गेले. या रेसवर नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून मोरोक्कोच्या धावपटूंचं राज्य आहे, लाहसेन अहांसाल दहा वेळा जिंकलाय, त्याचा भाऊ मोहमद पाच वेळा. वाळूवरून ते ज्या हलक्या पायांनी जातात ते जवळून बघायला मिळालं हेच केवढं मोठं.

अंधार पडल्यावर थंडी. सॅकला मागे चमकणारी कांडी लावायची, पुढे लांबवर तशाच कांड्यांची रांग, आणि पुढच्या चेकपॉइंटवरून आकाशात हिरवा लेझर सोडलेला, त्याच्याकडे बघत जायचं. तो लेझर दोन तास चाललं तरी तेवढाच लांब दिसतो.

रात्री दोनच्या सुमाराला माझी शक्ती गेली. बसले. चिक्की खाल्ली, ती घशाखाली जाईना. आणि मला ऊसतोडीच्या बायका आठवल्या. लहानपणी मी एकदा आईबरोबर कारखान्याच्या तळावर राहिले होते, माझ्या मावशीकडे. त्या रात्री तीन-चारला उठायच्या, भाकरी थापून फडावर जायच्या, दिवसभर तोड, मग डोक्यावर मोळी, ट्रकला लावलेल्या फळीवरून तोल सांभाळत वर, थंडीत, पाचटाने हातपाय कापलेले. आणि आजारी पडलं, पाळी आली, पोर तापलं, तरी काम, कारण खाडा झाला की पैसे कापतात. त्यांना चेकपॉइंट नाही. त्यांच्या बाटलीवर नंबर टाकून पाणी मोजून देणारं कोणी नाही, डोळ्यांत बघून तू शेवटचं कधी खाल्लंस असं विचारणारं कोणी नाही. मी हे हौसेने करत होते, आठवड्यासाठी, आणि माझ्या पायाच्या एका फोडासाठी पन्नास डॉक्टर-नर्सेसचा ताफा वाळवंटात उभा होता. मला याची लाज नाही वाटली, राग आला. खूप राग आला. आणि त्या रागावर मी उठले आणि चालायला लागले, खरंच सांगते.

पहाट झाली तेव्हा तंबू दिसत होते. सगळं धरून चोवीस तासांच्या आत पोचले. चहा प्यायले आणि गालिच्यावर आडवी झाले, बूट सुद्धा आयरिश बाईने काढले.

विश्रांतीचा दिवस

ज्यांचं लवकर संपतं त्यांना हा दिवस आराम. पाय तंबूबाहेर उन्हात. दुपारी आयोजकांनी प्रत्येकाला थंडगार कोकचा एक कॅन दिला, सगळ्या कॅम्पमधे दहा मिनिटं कोणी बोललं नाही. जपानी काका अजून यायचे होते. संध्याकाळी कोणीतरी ओरडलं की शेवटचे येतायत, आणि सगळा कॅम्प, अक्षरशः लंगडत, रेषेवर जाऊन उभा राहिला. काका आले. मागे उंट. टाळ्या, आरडाओरडा, बर्बर मंडळी ढोल वाजवत होती. काकांनी रेषेवर थांबून वाकून सगळ्यांना नमस्कार केला, आणि चारही बाजूंना वळून केला.

रात्री त्यांना माझ्या वाट्याचे दोन राजगिऱ्याचे लाडू दिले.

स्टेज ५

पूर्ण मॅरेथॉन, ४२.२ किलोमीटर. सॅक आता हलकी, पाय सुजलेले पण सवय झालेली, आणि मी पळले. गेले तीन दिवस जपून ठेवलेलं सगळं. शेवटचे दहा किलोमीटर तर देणाऱ्यांची नावं घेत पळले, एका किलोमीटरला एक घर. मेडल गळ्यात पडलं तेव्हा मी मराठीतच काहीतरी ओरडले, आजूबाजूचे हसले. सॅटेलाइट फोनवरून घरी एक मिनिट, आईला एवढंच म्हणाले की झालं आणि पाय शाबूत आहेत.

शेवटचा दिवस

हा टप्पा वेळेचा नव्हता, सगळे एकसारखे टीशर्ट घालून रमतगमत चालले, बरेच जण आपापल्या संस्थेचं नाव लिहिलेले फलक घेऊन. कोणाचा कॅन्सरच्या पेशंटसाठी, कोणाचा मोरोक्कोतल्याच मुलांच्या शाळेसाठी. मी पाठीवर सेफ्टी पिनांनी एक कापड लावलं होतं, देवनागरीत, "ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी". वाचता कोणाला येत नव्हतं म्हणून दर पाच मिनिटांनी कोणीतरी विचारायचं, आणि मी सांगायचे. त्या चालण्यात मी बोलले तेवढी वर्षभरात बोलले नसेन. दोन फ्रेंच भावांनी तिथल्या तिथे पैसे काढून दिले.

पैशांचं

जमलेले सगळे पैसे संस्थेच्या खात्यात थेट गेले आहेत, माझ्या खात्यातून काहीच फिरलेलं नाही, आणि प्रत्येकाला पावती मेलवर गेलीय. यातून दोन्ही वसतिगृहांचं पुढच्या हंगामाचं धान्य, गॅस, मावशींचा पगार आणि नवी अंथरुणं-पांघरुणं एवढं नक्की होतं. राहिलेल्या पैशांत मुलींच्या वसतिगृहाला कुंपण आणि पक्कं न्हाणीघर, ते काम पावसाळ्यानंतर लागेल, त्याची बिलं मी सगळ्यांना पाठवीन.

पोरं दिवाळीनंतर राहायला येतात. मागे अण्णांबरोबर गेले होते तेव्हा मावशींनी सांगितलं की भात-आमटी आपण करू पण सातवी-आठवीच्या पोरींना गणित शिकवायला माणूस नाही. पुण्या-संभाजीनगरकडून कोणाला महिन्यातला एखादा शनिवार-रविवार जमणार असेल तर सांगा, राहायची सोय आमच्या घरी आहे, स्टँडवर घ्यायला अण्णा येतील.